रंग खरवडलेली गिटार

संपादकांनी कविता मागितली होती. कविता जमली नाही. दोन महिने झाले, डोक्यात एक गिटारवाला घुसून बसलाय, आणि तो बाहेर निघाल्याशिवाय दुसरं काही सुचायचं नाही. तेव्हा या अंकाला हेच घ्या. मिक रॉन्सन त्याचं नाव. इंग्लंडचा. गोरा. सोनेरी केस खांद्यापर्यंत, अंगात चकचकीत कपडे, तोंडाला रंग. ग्लॅम रॉक म्हणतात त्या गाण्याला. तो मेला १९९३ साली, तेव्हा माझा जन्मसुद्धा व्हायचा होता.

आता तुमच्यातले दोघं-तिघं म्हणतील, याचं आपल्याला काय? म्हणा. माझ्या खोलीतली पोरंही तेच म्हणाली. तरी वाचा.

मी सूतगिरणीत कामाला. रिंग फ्रेमवर सायडर. सायडर म्हणजे काय, तर दोन्ही बाजूंना चात्या फिरत असतात, मधून आपण चालत राहायचं, तुटलेला धागा दिसला की सांधायचा. आठ तास. शेजारचा ओरडला तरी त्याचे नुसते ओठ हलताना दिसतात, इतका आवाज. कानात घालायला कापसाचे बोळे असतात. मी एका कानात बोळा घालतो, दुसऱ्यात इअरफोन, वरून रुमाल. सापडलो तर दंड.

त्या रातपाळीला फोननं आपल्या मनानं एक गाणं लावलं. ‘मूनएज डेड्रीम’. डेव्हिड बोवीचं, १९७२ चं. इंग्रजी मला अर्धं कळतं, गाण्यातलं पाव. पण शेवटी गायकाचा आवाज मागं सरला आणि एक तार ताणली गेली. वर, आणखी वर. आता तुटणार, असं वाटलं. आणि खरं सांगतो, माझा हात धागा सांधायला पुढं गेला. समोर एकही धागा तुटलेला नव्हता.

पहिल्या झटक्याला ती गिटार आहे हेही कळलं नव्हतं. मला वाटलं बेंजो. माझा मामा बेंजो वाजवायचा, वरातीत आणि जयंतीच्या मिरवणुकीत. टाइपरायटरसारखी बटणं डाव्या हातानं दाबायची, उजव्या हातानं तारा छेडायच्या, खाली पिकअप लावलेला, तिथून वायर हातगाडीवरच्या अँप्लिफायरला आणि वर भोंगा. आवाज पुरा वाढवला की सूर फाटायचा. फाटलेला सूर लांब जातो, पार गल्लीच्या टोकाला. मामा म्हणायचा, “गुळगुळीत वाजवलं तर नाचणार कोण?” गाडीवर पार्टीमालकाचं नाव रंगवलेलं असायचं, मोठ्या अक्षरात. मामाला सगळे नुसतं मास्तर म्हणायचे. हे पुढं लागणार आहे म्हणून सांगून ठेवतो.

मग मी वाचायला लागलो. जे मिळेल ते, अडखळत, शब्दाशब्दाला थांबून.

हल हे इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्याकडचं बंदर. मासेमारीचं, गोदीचं, कामकऱ्यांचं गाव. तिथं २६ मे १९४६ ला हा जन्मला. घरचे मॉर्मन पंथाचे. लहानपणी पियानो शिकला, व्हायोलिन शिकला, मग गिटारीकडं वळला. जेफ बेक हा त्याचा आवडता वाजवणारा. साठच्या दशकात एकदा लंडनला जाऊन नशीब काढायचा प्रयत्न केला, पोटाला मेकॅनिकचं काम केलं, बँड बुडाला, परत गावी. हलमध्ये ‘द रॅट्स’ म्हणजे उंदीर नावाच्या बँडमध्ये वाजवायचा आणि दिवसा नगरपालिकेत माळीकाम करायचा. १९७० च्या सुरुवातीला त्याचा जुना ड्रमर जॉन केंब्रिज त्याला लंडनला न्यायला शोधत आला, तेव्हा हा रग्बीच्या मैदानावर पांढऱ्या रेघा मारत होता.

नगरपालिकेचा माणूस! आमच्या वस्तीतली निम्मी माणसं नगरपालिकेत आहेत. माळी मात्र एकही नाही. हातात झाडूच.

लंडनमध्ये बोवीची ओळख झाली आणि दोनच दिवसांनी, ५ फेब्रुवारी १९७० ला, बीबीसीच्या रेडिओवर हा त्याच्यामागं वाजवत होता. तालीम जवळपास नाहीच. तिथून पुढची साडेतीन वर्षं. ‘द मॅन हू सोल्ड द वर्ल्ड’, ‘हंकी डोरी’, ‘झिगी स्टारडस्ट’, ‘अलादिन सेन’, ‘पिन अप्स’. या पाच तबकड्यांवर बोवीचं अर्धं नाव उभं आहे, आणि पाचही तबकड्यांवर हलचा माळी आहे.

आता त्याची हत्यारं. मला यातच जास्त रस आहे, कारण मशीनवर काम करणाऱ्याला दुसऱ्याचं मशीन बघायची खोड असते.

गिटार गिब्सन कंपनीची, लेस पॉल कस्टम, १९६८ ची. मुळात ती काळी कुळकुळीत, सोनेरी पितळेची, साहेबी दिसणारी. यानं तिच्या दर्शनी भागाचा काळा रंग खरवडून काढला. आतलं फिकट लाकूड उघडं पडलं. रंगाचा थर काढला की लाकूड मोकळं घुमतं, असं त्या काळी बरेच गिटारवाले मानायचे. नवीकोरी महागडी वस्तू घ्यायची आणि तिचा पॉलिश उतरवायचा. माझी आई असती तर तिनं चप्पल काढली असती. पण फोटोत बघा. चमचम कपड्यांतल्या, रंगवलेल्या तोंडाच्या त्या माणसाच्या हातातली गिटार तेवढी उघड्या अंगाची.

अँप्लिफायर मार्शल मेजर, दोनशे वॉटचा. त्याला ‘पिग’ म्हणायचे. डुक्कर. एवढ्या ताकदीचं यंत्र कशाला? तर तार छेडली की सूर निघतो आणि विरून जातो, हा तारेचा धर्म. पण स्पीकरमधून येणारा आवाज इतका दांडगा असला की तो आवाजच हवेतून येऊन तारेला परत हलवतो. मग सूर विरत नाही, लोंबकळत राहतो, कधी कधी तर वाढतो. गिटारवाल्यानं फक्त कुठं उभं राहायचं ते ओळखायचं. दोन पावलं इकडं, दोन पावलं तिकडं. मशीनच्या आवाजात कुठं उभं राहिलं म्हणजे काय ऐकू येतं, हे कुणाला कळत असेल तर आम्हाला.

सूर फाडायला टोन बेंडर नावाची पेटी. आणि पायाखाली क्राय बेबी. क्राय बेबी म्हणजे एक पायडल. पाय पुढं-मागं केला की सुरातला कधी जाड भाग वर येतो, कधी बारीक, त्यामुळं ‘वॉव वॉव’ असा रडका आवाज निघतो. बहुतेक लोक तेच करायचे, पाय हलवत राहायचे. रॉन्सननं काय केलं, पायडल हलवत हलवत मधे एका जागी आणलं आणि तिथंच सोडलं. पाय काढून घेतला. खालचा ढब्ब आवाज गळाला, वरचा चिरका दबला, मधला तेवढा पुढं आला. नाकातून बोलल्यासारखा, सनईजवळ जाणारा. बाकीच्या बँडच्या गलक्यातूनही तो सूर वेगळा निघतो, कारण तेवढी जागा त्यानं मोकळी करून घेतलेली असते. एवढीच युक्ती. पण ती जागा कानानं शोधावी लागते, ती पायडलवर छापलेली नसते.

आणि वाजवणं. त्या काळात जोरात, भराभर वाजवणारे चिक्कार होते. हा कमी सूर वाजवतो. एक सूर घेतो, बोटानं तार वर ढकलतो, थांबतो, आणि मग तो सूर रुंद हलवतो. व्हायोलिन शिकलेलं बोट आहे ते. त्याचं गिटारकाम तुम्ही तोंडानं गुणगुणू शकता, इतकी ती चाल असते. ‘मूनएज डेड्रीम’च्या शेवटाबद्दल बोवीनं पुढं लिहून ठेवलंय की, तो रॉन्सनला कागदावर आकार काढून दाखवायचा. आधी सपाट रेघ, मग ती भोंग्यासारखी फुगलेली, शेवटी तुटक तुटक शिंतोडे. स्वरलिपी वगैरे काही नाही. आणि रॉन्सन ते चित्र बघून वाजवायचा. मैदानावर रेघा मारणाऱ्याला रेघ वाचता येणारच.

बोवीला मला लहान करायचं नाही. गाणी त्याची. शब्द त्याचे, चाल त्याची, डोकं त्याचं. पण चाल म्हणजे नुसता पाया. ‘लाइफ ऑन मार्स’ ऐका. १९७१ चं. पियानो रिक वेकमनचा, तोही जबरदस्त. पण मागून जी व्हायोलिनं चढत येतात, छातीवर पाणी चढावं तशी, ती मांडणी रॉन्सनची. कुठल्या वाद्यानं कुठं शिरायचं, कुठं थांबायचं, हे त्यानं कागदावर लिहिलं आणि लंडनच्या ट्रायडंट स्टुडिओत पगारी वादकांपुढं ठेवलं. दीड-दोन वर्षांपूर्वी तो माणूस मैदानावर चुना ओढत होता! गाण्याच्या अगदी शेवटी, सगळं संपल्यावर, बारीक फोनची घंटी ऐकू येते. स्टुडिओतला फोन वाजला होता, तो तसाच राहू दिला. मला ती घंटी फार आवडते. काम चाललेलं असताना जग मधे शिरतं ते असंच.

१९७२ मध्ये लू रीडची ‘ट्रान्सफॉर्मर’ निघाली. निर्माते म्हणून बोवी आणि रॉन्सन, दोघांची नावं. ‘परफेक्ट डे’मधला पियानो रॉन्सनचा, व्हायोलिनं पण त्याचीच. लू रीड न्यूयॉर्कचा. त्याला याची हलची बोली कळायची नाही, परत परत विचारावं लागायचं. (मला पुण्यात एकदा कविता वाचताना हाच अनुभव. असो.) त्याच तबकडीतल्या ‘वॉक ऑन द वाइल्ड साइड’ची बास वाजवणारा हर्बी फ्लॉवर्स. त्यानं स्वतःच सांगितलंय, एकावर एक दोन बास वाजवल्या कारण दोन वाद्यांचे दुप्पट पैसे मिळायचे. सगळे मिळून सतरा पौंड. ते गाणं आजही जगभर वाजतंय.

आमच्या सुताच्या कोनात कागद चिकटवलेला असतो. त्यावर गिरणीचं नाव आणि सुताचा काउंट. मी किती धागे सांधले ते त्यावर नसतं. रॉन्सनचं नाव तबकडीच्या कव्हरवर बारीक अक्षरात आहे, खोटं कशाला बोलू. पण गाण्याचा हक्क लिहिणाऱ्याचा असतो. गाणं वाजलं की पैसा लिहिणाऱ्याकडं जातो. ज्या शिटीवर, ज्या ठेक्यावर, ज्या व्हायोलिनवर लोकांचे पाय थांबतात, ते मांडणाऱ्याला त्या दिवसाची मजुरी. कायदाच तसा.

स्टेजवरचं एक सांगतो. झिगीच्या कार्यक्रमांत ‘द विड्थ ऑफ अ सर्कल’ नावाचं गाणं यायचं. त्यात बोवी कपडे बदलायला आत जायचा आणि तेवढा वेळ रॉन्सन एकटा स्टेज धरून ठेवायचा. लांबलचक वाजवायचा. तुकडे मी पन्नास वेळा बघितलेत. लोकांना वाटतं मधला वेळ भरून काढतोय. मला वाटतं कार्यक्रम तेवढाच होता.

कपड्यांवरून आठवलं. बोवीनं पहिल्यांदा तो झगमगाट आणि रंगरंगोटी पुढं केली तेव्हा रॉन्सन बॅग भरून सरळ स्टेशनावर गेला होता, असं त्यांचा ड्रमर वूडी वूडमन्सी सांगतो. वूडी जाऊन समजूत घालून आला. हलच्या कामकरी वस्तीतला गडी, गावात तोंड कसं दाखवणार! मग ६ जुलै १९७२ ला बीबीसीच्या ‘टॉप ऑफ द पॉप्स’वर ‘स्टारमन’ दाखवलं. सोनेरी कपड्यातला रॉन्सन, आणि बोवीनं त्याच्या गळ्यात हात टाकलेला. आज बघाल तर म्हणाल यात काय? पण दोन पुरुष, तोंड रंगवलेले, एकमेकांच्या गळ्यात, घराघरातल्या टीव्हीवर. त्या रात्री कितीतरी इंग्रज पोरांचं आयुष्य बदललं, असं ती पोरं म्हातारी झाल्यावर सांगतात. गळ्यात हात टाकणाऱ्याची गोष्ट सगळे सांगतात. ज्याच्या गळ्यात टाकला, तो वाजवता वाजवता माइककडं वाकून गात होता.

इथपर्यंत लिहून मी थांबलो होतो. पुढचं लिहू की नको, असं चाललं होतं. कारण पुढं माझा नायक घसरतो.

१९७३ चा अमेरिकेचा दौरा. बँडमध्ये माइक गार्सन नावाचा नवा पियानोवाला आला होता. बोलण्याबोलण्यात त्याचा पगार बाहेर आला. तो या जुन्या तिघांच्या कितीतरी पट होता. बासवाला ट्रेव्हर बोल्डर आणि ड्रमर वूडी. हे दोघंही हलकडचेच, रॉन्सननंच बोलावलेले. दोघं पेटले. पैसे वाढवा, नाहीतर जातो. तेव्हा मॅनेजर लोकांनी रॉन्सनला वेगळं घेतलं. तुला एकट्याला स्टार करतो, तुझ्या नावाची तबकडी काढतो. आणि रॉन्सन त्या दोघांच्या बाजूनं उभा राहिला नाही. ३ जुलै १९७३ ला लंडनच्या हॅमरस्मिथ ओडियनमध्ये बोवीनं स्टेजवरून जाहीर केलं की, हा शेवटचा कार्यक्रम. रॉन्सनला आधीच माहीत होतं. बोल्डर आणि वूडीला सगळ्या लोकांबरोबर, तिथंच, वाद्यं हातात असताना कळलं. वूडीला कामावरून काढल्याचा फोन आला तो त्याच्या लग्नाच्या दिवशी.

दोस्तांनो, हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही.

मागच्या वर्षी आमच्या खात्यात आम्ही चौघं ठेकेदाराकडून होतो. काम तेच, फ्रेम त्याच, पगार परमनंटच्या निम्मा. चौघांनी मिळून अर्ज लिहायचा ठरलं. लिहिणारा मी, कारण कवी. अर्ज मी लिहिला, चांगला लिहिला. सही करायच्या आदल्या दिवशी मला आत बोलावलं. खुर्ची दिली. खुर्ची! “तू वाचणारा, लिहिणारा पोरगा. यांच्या नादी कशाला लागतोस? तुझं आम्ही बघतोय की.” मी काही बोललो नाही. दुसऱ्या दिवशी मला ताप होता. ताप खरा नव्हता. तिघांनी सह्या केल्या. पंधरा दिवसांत त्यातले दोघं गेटवर अडवले गेले. तिसऱ्या महिन्यात मला कार्ड मिळालं.

हे मी कुठल्या कवितेत लिहिलेलं नाही. तुम्ही माझ्या कविता मोर्च्यात म्हणता, म्हणून इथं लिहितोय.

रॉन्सनचं पुढं काय झालं? तबकडी निघाली. ‘स्लॉटर ऑन टेन्थ अव्हेन्यू’, १९७४. बरी खपली. बास ट्रेव्हर बोल्डरचीच आहे त्यावर. म्हणजे माणसं बोलत होती एकमेकांशी. १९७५ ला दुसरी. पण पुढं उभं राहून लोकांच्या डोळ्यांत बघणं त्याला मानवलं नाही. तो परत दुसऱ्याच्या बाजूला जाऊन उभा राहिला, आणि तिथंच चांगला वाजला. इयन हंटरबरोबर वर्षानुवर्षं. बॉब डिलनच्या १९७५ च्या ‘रोलिंग थंडर’ दौऱ्यात. १९८२ ला अमेरिकेत जॉन मेलनकॅम्पचं ‘जॅक अँड डायन’ पहिल्या नंबरावर गेलं. ते गाणं मेलनकॅम्प टाकून द्यायला निघाला होता. रॉन्सननं सांगितलं, इथं लहान पोरांचे खुळखुळे वाजवा, मधे सगळ्यांनी मिळून गा. केलं. गाणं उभं राहिलं. मेलनकॅम्प हे उघड सांगतो, तेवढा मोठेपणा त्याच्याकडं आहे. तोपर्यंत रॉन्सनच्या हातात बऱ्याचदा साधी टेलिकास्टर असायची, ती खरवडलेली गिटार मागं पडली होती.

आणि पोरं ऐकत होती. ‘सेक्स पिस्टल्स’चा स्टीव्ह जोन्स गिटार वाजवायच्या आधी चोऱ्या करायचा. बोवीच्या त्या शेवटच्या कार्यक्रमाच्या वेळी हॅमरस्मिथमधून त्यानं सामान पळवलं, हे तो स्वतः सांगतो. पंकवाल्यांनी जुनं सगळं मोडायची भाषा केली, पण त्यांच्या जाड, मधल्या सुरातल्या गिटारीत हलचा माळी ऐकू येतोच. ‘डेफ लेपर्ड’चा जो एलियट तर उघड भक्त.

१९९१ ला यकृताचा कर्करोग निघाला. तशाही अवस्थेत १९९२ ला मॉरिसीची ‘युअर आर्सेनल’ त्यानं निर्माता म्हणून पुरी केली. २० एप्रिल १९९२ ला वेम्बलीत फ्रेडी मर्क्युरीच्या स्मरणाचा कार्यक्रम झाला, तिथं बोवी आणि हंटरबरोबर वाजवलं. बारीक झालेला, पण तार ताणतो तशीच. २९ एप्रिल १९९३ ला गेला. वय शेहेचाळीस. हलमधल्या एका बागेत त्याच्या नावाचा स्टेज बांधलाय. नगरपालिकेच्या माळ्याचं नाव, बागेत.

मामाचं नाव कुठं नाही. त्याचा बेंजो आमच्या माळ्यावर आहे, बटणं गंजलीत.

गेटवर अडवलेल्या दोघांपैकी एकानं आमच्या मागच्या गल्लीच्या तोंडाला चहाची टपरी टाकलीय. मी त्या रस्त्यानं जायचं टाळत होतो. मागच्या रविवारी गेलो. अर्धा चहा मागितला. बोलायचं काय ते ठरवून गेलो होतो, पण तोंड उघडेना. मग फोन काढला आणि ‘मूनएज डेड्रीम’चा शेवट लावला, स्टोव्हशेजारी फोन उभा करून. तो गाळणी हातात धरून ऐकत होता. संपल्यावर म्हणाला, “मास्तरांचा बेंजो का रे हा?”

“नाही,” मी म्हटलं. “इंग्लंडचा एक आहे. नगरपालिकेत होता.”

“परत लाव.”

परत लावलं. मग मी त्याला अर्जाचं, खुर्चीचं, तापाचं सगळं सांगितलं. तो खाली बघून ग्लास विसळत होता. ऐकलं की नाही ते त्याच्या तोंडावरून कळेना. गिरणीत असताना त्यानं मला कधी चहाचे पैसे देऊ दिले नव्हते. या वेळी मी दहाची नोट पुढं केली. त्यानं घेतली आणि सुटे पाच मोजून माझ्या हातावर ठेवले.